शुक्रवारी बुरशी पडणार

गुरुवारी रात्री नऊला फिनलंडची ती मालिका लागते,
खुनांची, आमच्या ताल्लिनमध्ये चित्रित केलेली.
मी वही घेऊन बसते.
एकोणतीस वर्षं ट्राम चालवली आहे मी,
मला कोण फसवणार?

भाग दुसरा: ट्राम बाजारापाशी डावीकडे वळली.
तिथे रूळ नाहीत, बाबांनो.
तिथे एलफ्रीडेचं चपलांचं दुकान आहे.
भाग तिसरा: जून महिना, रात्रीचे दहा, आणि मिट्ट काळोख.
जूनमध्ये दहाला मी बाल्कनीत बसून
सुईत दोरा ओवते.

मागच्या वर्षी तर चिठ्ठी सापडली होती, प्रेताच्या खिशात.
आमच्या एका स्वराच्या डोक्यावर लाट असते,
चिठ्ठीत तिथे दोन टिंबं.
मी टाळीच वाजवली: खुनी समुद्रापलीकडचा!
आठ आठवडे मी एकटी त्याच्या मागावर.
शेवटी निघाला इथलाच,
शाळेत आमची भाषा शिकवणारा मास्तर.
टिंबं त्याची नव्हती, पटकथा लिहिणाऱ्याची होती.
त्याला कुणी पकडलं नाही.

आणि आजची ती सफाईवाली!
म्हणे आमच्याकडची. बोलते आमचंच, पण जीभ घसरते.
चौकशीत म्हणाली, "शुक्रवारी हल्लितुस पडणार."
त्यांच्याकडे हल्लितुस म्हणजे सरकार.
आमच्याकडे बुरशी.
हसता हसता माझा चहा सांडला,
तशीच हेलसिंकीला काइरेला फोन लावला.

काइरे, माझी मुलगी,
सतरा वर्षं तिकडे हॉटेलच्या खोल्या आवरते.
तीही तेच पाहत होती.
"चूक? कुठली चूक?" म्हणाली, "चांगलं बोलली की बाई.
मला वाटलं, चला, टीव्हीवर कुणीतरी माझ्यासारखं बोलतंय.
आणि खरंच गं आई, या हल्लितुसनं जीव नको केलाय,
भाडं वाढलं, आइनोच्या दातांचा खर्च..."

मी म्हटलं, खिडकी उघडी ठेव. व्हिनेगरनं पूस.

पलीकडे काहीच नाही.
मग ती हसली बहुतेक. फोनला खरखर होती.
मागून आइनो विचारत होती, कोण आहे,
त्यांच्या भाषेत.

वहीत लिहिलं: ट्राम. काळोख.
मग लिहिलं "सफाईवाली",
आणि पेन्सिल तशीच धरून बसले.

उद्या शुक्रवार.
न्हाणीच्या कोपऱ्यात खरंच थोडी बुरशी आहे.
बघू, पडते का.