उतर आणि बघ

ओहायोतल्या मोटेलात आम्ही एकतीस जण,
दोघांत एक खोली.
माझ्या वाट्याला व्हर्लिन आला, झोपेत दात खाणारा.
पहिल्या दिवशी बाटलीत लघवी, दुसऱ्या दिवशी फोटो,
तिसऱ्या दिवशी नाश्त्याला चोवीस.
गेलेल्यांविषयी कोणी काही विचारलं नाही,
त्यांच्या खुर्च्या तेवढ्या एकात एक घालून भिंतीशी लावल्या.

मग ओपल टिबेट्स.
वय एकसष्ट, गुडघ्याला पट्टा, सिगारेट सोडल्याला चार दिवस.
पाच आठवडे मी तिच्या वरच्या बंकवर झोपलो.
घरी फोनवर जनीनला
'ट्रेनर' एवढंच सांगितलं.

ओपलने ढाब्याच्या टेबलावर मिठाची बाटली आडवी केली,
तिच्या बुडाला चमचा टेकवला.
हा ट्रॅक्टर. हा ट्रेलर.
"शेपूट डावीकडे हवं ना, मग तोंड उजवीकडे फिरव."
बावीस वर्षं कागदाच्या गिरणीत रिळं गुंडाळलेला मी,
सत्तेचाळिसाव्या वर्षी
मीठ मागे मागे ढकलत बसलो,
कॉफी ओतणारी पोरगी बघत असताना.

"शंका आली की काय करायचं?"
उतरायचं आणि बघायचं.
"आणि नाही आली की?"
तेव्हा तर उतरायचंच.

सहाव्या आठवड्यात किल्ली मिळाली.
अठ्ठेचाळीस हजार दोनशे तेरा.
ट्रकचा नंबर हा, आणि कंपनीला माझं नावही हेच.
इंजिनाला वेसण घातलेली, बासष्टच्या पुढे जात नाही.
गुरं वाहणारे म्हातारे चढावर मला मागे टाकतात,
हात करत नाहीत.

नव्याचे नऊ दिवस कुत्र्यांच्या बिस्किटांत गेले,
एकोणीस टन, सगळं नेब्रास्का ओलांडून.
दहाव्या दिवशी वायोमिंग, आणि ट्रेलर रिकामा.
भरल्या गाडीला उतार खातो, रिकामीला वारा,
असं ओपल म्हणाली होती.
मी मान डोलावली होती.
आरशात त्रेपन्न फुटांचं ते धूड
आपणहून शेजारच्या लेनमध्ये सरकताना दिसलं
तेव्हा तिचं बोलणं ऐकू आलं.

रॉलिन्सच्या अलीकडे कुठेतरी रस्ता बंद.
तळावर एकच जागा उरलेली, तीही आंधळ्या बाजूने,
दोन चकचकीत नाकाडांच्या मध्ये.
काचांमागे लोक सूप पीत बसलेले,
करमणूक आयती.
पुढे. मागे. पुढे. उतरलो, बघितलं, चढलो.
पुन्हा उतरलो.
कितव्यांदा तरी उतरलो तर तिथे एक माणूस उभा,
अंगात पायजमा, पायात सपाता, हातात टॉर्च.
वाऱ्यात त्याचा शब्द काही पोचेना.
टॉर्च डावीकडे गेला, मी डावीकडे.
त्याने मूठ मिटली, मी थांबलो.
शेजारच्याचा आरसा वीतभर लांब राहिला.
काच खाली करून आभार मानेपर्यंत
सपाता कुठल्या ट्रकमध्ये चढल्या कळलं नाही.

पडद्यावर कॉर्डेल, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही:
का थांबलास?
मी लिहिलं: वारा.
बऱ्याच वेळाने: ठीक.
त्याच्याखाली पुढचा माल, सकाळी सहाचा,
घरापासून आणखी लांबचा.

इंजिन बंद केलं तरी ट्रक हलतच होता.
जनीनने विचारलं, नक्की आहेस तरी कुठे?
तळाचं नाव काही आठवेना.
थांब, म्हणालो,
उतरून बघतो.