दोनशेपानी

मोंढ्यात हळदीचा लिलाव असला
की माझ्या कीबोर्डवरही पिवळं बसतं.
ओल्या फडक्यानं पुसते.
एक, दोन, तीन या बटणांवरचे आकडे तर
केव्हाच उडालेत.

वसमतला, स्टँडच्या मागं, आठ वर्षं
मी लोकांचे फॉर्म भरते.
पीकविमा, शिष्यवृत्ती, नॉन-क्रिमिलेअर.
पासवर्ड म्हटलं की माणूस माझ्याच तोंडाकडं बघतो:
"टाक की बाई तुझ्या मनानं."
मी टाकायचे. गावाचं नाव, ॲट, एक दोन तीन.
विसरायला नको म्हणून दोनशेपानी वहीत नोंद,
वहीला सुतळी, सुतळी टेबलाच्या पायाला.
केवढी काळजी घ्यायचे मी.

परवा सुमेध आला नांदेडहून, बहिणीचा.
म्हणाला, मावशी, पासवर्डही फुटतात, पेपरासारखे.
कुठली तरी कंपनी ढिली राहते,
मग याद्या हिंडतात बाजारात,
आणि चोर तीच किल्ली लावून बघतो दारोदार,
बँक, मेल, सगळीकडं.
आपला त्यात आहे का ते तपासता येतं. सांग एखादा.
सांगितला.

फुटलेल्या याद्यांत: चारशे एकोणीस वेळा.

बरीच माणसं सारखाच विचार करतात, सुमेध हसला.
मी हसले नाही.
जगात दुसरं कोण लिहिणार वसमत, त्या ॲटसकट?
चारशे एकोणीस वेळा ते माझंच अक्षर होतं.

त्या दिवसापासून एकेकाला बोलावते.
मोईन पंक्चरवाला म्हणतो, "कामून? खात्यात दोनशे रुपये हायत."
"उद्या जास्त येतील की," म्हणत खुर्ची देते
आणि स्वतः रस्त्याकडं तोंड करून बसते
तो एका बोटानं टाइप करतो तोवर.
ही माझ्या धंद्यातली नवी गोष्ट: न बघणं.
टक, टक. बराच वेळ काही नाही. टक.
वर ओटीपीचं दुसरं कुलूप.
मग त्याची ओळ कात्रीनं कापून त्याच्याच हातात.

दराडे बाईंनी त्यांचा स्वतःच सांगितला होता,
एका पुरुषाचं नाव. सरांचं नव्हे.
ती ओळ मी लिहिली, पण वाचली कधीच नाही.

कोंडाबाईला अक्षर येत नाही.
तिला म्हटलं, पाच शब्द सांग, एकमेकांशी नातं नसलेले.
तिनं डोळे मिटले, पाचही सलग सांगितले,
जसे काही तयारच होते.
तिला ठाऊक, मला ठाऊक. वहीत नाहीत.
फार सुंदर आहेत.
इथंही लिहीत नाही.