खानवळ

एकोणतीस हजार नऊशे तीन अक्षरं.
मुळाक्षरं चारच, तीही बिनकाना, बिनमात्रा.
उद्यमबागेच्या मागच्या या खोलीत
रात्रभर मशीन एकेक अक्षर उजळून बघतं
आणि विझवतं.

नमुना दोनशे बारा : मोल्डर, फाउंड्री, मच्छे.
नमुना दोनशे एकोणीस : शिनोळी. म्हणजे पलीकडचं,
दुसरं राज्य, दुसरा फॉर्म,
दवाखाना मात्र इकडचाच.

त्या आठवड्यात नाक्यावर
पोलीस कपाळावर थर्मामीटर रोखून विचारत होते,
कुठनं आलास, कुठं चाललास,
एकदा कन्नडात, एकदा मराठीत.

दोन्ही ओळी एकीखाली एक लावल्या.
तेवीस हजारांच्या पुढं कुठंतरी
दोघांतही 'ए'च्या जागी 'टी'.
आणखी दोन ठिकाणी तसंच.
हंचिनमनी मॅडम म्हणाल्या, "मशीनचं चुकलं असेल,
किती वेळा वाचलंय बघ आधी."
चारशे वेळा वाचलेलं.
चारशेही वेळा 'टी'.

माझे बाबा पेंटर. शहापुरातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या.
ऐंशी-एक्याऐंशी साली, अंगात ताप असताना
'खानावळ' लिहिताना त्यांचा एक काना राहिला.
भरमाण्णांनी पैसे कापले,
दिवाळीला पुसून घेऊ म्हणाले.
दिवाळ्या गेल्या.
लोक पत्ता सांगू लागले, खानवळीपासनं डावीकडं वळ.
मग पोरानं वडगावात दुसरी काढली,
दुसऱ्या पेंटरनं जुनी पाटी बघून लिहिलं : खानवळ.
त्या पेंटरला ताप नव्हता.

म्हणून कोण कुणाची पाटी बघून लिहितंय
हे मला जरा कळतं.
फॉर्मवर मातृभाषेचा रकाना आहे, कुणी भरत नाही.
झाड काढलं तर दोघं एकाच डहाळीवर,
आणि नाका त्यात कुठंच नाही.
दोनशे एकोणीस रोज त्याच फाउंड्रीत यायचा,
उसातल्या वाटेनं, मोटरसायकलवर.
हे नंतर त्याच्या बायकोनं सांगितलं.
तोवर डबा धुऊन पालथा घातलेला होता.

पहाटे बाबांचा फोन. जेवलीस का?
मग : सापडली चूक?
म्हटलं, चूक नाही म्हणत बाबा, बदल म्हणतात.
खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. हसले असतील.
"दुसऱ्यानं बघून लिहिलंय का?"
हो.
"मग आता तेच अक्षर."