ए आणि ई

अपेक्षा जन्मली त्या वर्षी
राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत
भूपाल चौगुल्यांच्या दुकानाचा बोर्ड मी रंगवला.
पिवळ्यावर लाल, सावली डावीकडून काळी,
अक्षरामागं पाच रुपये.
वरची ओळ मराठीत: पार्श्व स्टेशनरी.
खालची इंग्रजीत, कारण गल्लीत क्लास निघाले होते
आणि पोरं, म्हणे, आता खालचंच वाचतात.

मराठीत मी चुकत नाही.
दिन आणि दीन यांत किती अंतर
हे माझ्या मनगटाला ठाऊक आहे:
पहिली वेलांटी डावीकडं, दुसरी उजवीकडं,
मधे महिन्याची वीस तारीख.

इंग्रजी मात्र मी चित्रासारखं काढतो.
गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून देतं, मी उतरवतो,
जसा तालमीच्या भिंतीवर मारुती.
मारुतीला कोण विचारतं, तुझं स्पेलिंग काय?

अपेक्षा सातवीत गेली.
माझ्या मागं लुनावर बसून, रंगाचे डबे मांडीवर धरून
जाता जाता म्हणाली,
"पप्पा, हे दुकान थांबलंय."
"बंद पडलं?"
"बंद न्हवं, थांबलेलं. तुम्ही ए काढलाय.
ई काढला तर वह्या-पेनं. ए काढला तर जागचं न हलणारं."
"आणि वरचं? मराठीतलं?"
ती चौकापर्यंत गप्प.
"मराठीत दोन्ही एकच दिसतं."

त्या रात्री सगळे बोर्ड डोळ्यांपुढून गेले.
शाहूपुरीतलं ते आइस्क्रीम पार्लर:
एस एक होता का दोन?
एक असला, तर त्या भल्या माणसाला मी
पिस्त्याच्या जागी वाळवंट विकायला बसवलंय.
आणि उद्यमनगरात, इंगवल्यांच्या गॅरेजवर,
ब्रेक करून मिळेल असं लिहिलं
का मोडून मिळेल?
तरी ट्रक येतातच तिथं.
आणि उतारावर थांबतातही.

सकाळी घोडा घेऊन गेलो.
माझा लाकडी घोडा: दोन पाय फाकलेले, मधे आडवी दांडी.
दुकानापुढं उभा केला आणि बघतच राहिलो.
हाच की ए!
तीस वर्षं याच्याच खांद्यावर उभा आहे मी,
हा हलला असता तर मी संपलोच असतो.
आणि आत, काकूंच्या पाठीमागं, ई:
भिंतीला टेकलेला एक खांब, त्याला तीन फळ्या,
खाली चौरेघी, मधे कंपासपेट्या,
वरच्या फळीवर न खपलेले पृथ्वीचे गोल.

चौगुले गेल्याला तेव्हा दोन महिने झाले होते.
चिठ्ठी त्यांच्याच हातची, ती अजून आहे माझ्याकडं,
पण गेलेल्या माणसाची चूक कोण काढणार?
म्हटलं, "काकू, माझं चुकलंय एक अक्षर. पैसे नकोत."
त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.
"आता काय लिवलंय मग?"
"थांबलेलं. जागचं न हलणारं."

काकू रस्त्याकडं बघत राहिल्या.
समोर मोबाईल, शेजारी मोबाईल,
पलीकडं मोबाईलची कव्हरं.
"मालकानं दोनदा नोटीस धाडली, जागा सोडा म्हणून.
ह्यांनी न्हाई सोडली.
ऱ्हाऊ दे ते. बरोबर हाय."

आलोच होतो, तर वर चढलो.
ए चा रंग उन्हानं विटला होता, त्याला नवा हात दिला.
सावली डावीकडून, काळी.
काकूंनी चहा दिला
आणि नको नको म्हणताना एक दुरेघी वही.

संध्याकाळी अपेक्षानं विचारलं, "केला ई?"
"न्हाई."
"मग चुकीचंच राहिलं की!"
वही तिच्यापुढं ठेवली.
म्हटलं, तू ई काढ.
शाळेत मार्क त्यालाच आहेत.