हजारातल्या बावीस

पाळकसाहेबांनी मोजून दिल्या पन्नास पत्रिका,
पिवळा कागद, वर क्रूस, खाली फोन नंबर,
मधला मजकूर माझाच: तंबाखू सोडा.
मी लिहिला, कारण पप्पा विडीनं गेले
सिव्हिलच्या वॉर्डात, शेवटच्या रात्रीही
उशीखाली काडेपेटी चाचपत.

विडी घरकुलात त्या पत्रिका घेऊन जायचं
म्हणजे चुलीपाशी बसून विस्तवाला नावं ठेवायची.
तरी गेले. उपासकाळाचा तिसरा आठवडा,
पत्रे तापून टकटक वाजत होते,
पाणी पाचव्या दिवशी येतं आणि तो पाचवा दिवस.
सगळी गल्ली घागरींमागे पळालेली.

एकच दार उघडं.
यल्लूबाई गड्डम. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये,
मांडीवर रिकामं सूप,
शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं.
नळावर घसरल्या होत्या, मागच्या पाण्याच्या दिवशी.
ये नाही, बस नाही, कोण गं तू नाही.
"पानं वाळायलीत," म्हणाल्या,
"कात्री धरता येती का?"

पिशवीत माझ्या पन्नास उत्तरं होती.
मी म्हटलं, येते.

पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, शीर चुकवायची,
चिमूटभर जर्दा, ना कमी ना जास्त,
वळायचं, दोरा घ्यायचा, तोंड नखानं आत दाबायचं.
हजार दिल्या तर कार्डावर दिवस पडतो,
दिवस पडला नाही तर फंडात भोक.
सून स्वतःच्या हजार वळून
रात्री सासूच्या वळते, डोळे मिटत मिटत.
मी त्या संध्याकाळी वळल्या बावीस.
दुसऱ्या दिवशी कारखान्यात तपासनिसानं
त्यातल्या अकरा छाट म्हणून मोडल्या.
यल्लूबाई तेलुगूत काहीतरी बोलून हसल्या.
शब्द कळला नाही. खोकला कळला.
पप्पांचाही असाच, हसण्याच्या पाठोपाठ यायचा.

रोज जात राहिले शाळा सुटल्यावर.
प्रभूचं नाव एकदाही निघालं नाही तोंडातून.
त्यांनीच एकदा विचारलं, दोरा दातात धरून,
"तुमच्या देवाला चालतंय का हे?"
म्हटलं, अजून विचारलं नाही.

मग नातवानं पिशवी उचकटली,
पिवळा कागद उलगडून मोठ्यानं वाचला,
"तंबाखू सोडा," आणि माझ्या चिमटीत तंबाखू.
सून हसली, शेजारीण हसली, पोरगं तर लोळलं.
सगळ्यांत शेवटी मी.
यल्लूबाईंनी तो कागद घेतला,
मराठी वाचता येत नाही त्यांना,
क्रुसावरून अंगठा फिरवला, चार घड्या घातल्या,
आणि कार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवला.
का, ते मी विचारलं नाही.

पाळकसाहेबांच्या वहीत रकाना होता: वाटल्या किती?
एक, म्हटलं.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एक लिहिला.

पवित्र गुरुवारी प्रभुभोजनाला गुडघे टेकले
तेव्हा दुपारच्या दोनशे दहा विड्या बोटांत होत्या.
दोनदा साबण लावूनही वास जाईना.
शेजारच्या रणभिसेबाई वीतभर सरकल्या.
हातावर भाकरीचा तुकडा आला
आणि तोही जर्द्याचा झाला.
मला वाटलं, त्या रात्री त्या मेजावर
कुणाच्या बोटांना मासळी लागलेली असेल,
आणि ज्यानं बारा जणांचे पाय धुतले
त्याच्या हातांना कसकसल्या वाटांचा वास असेल,
पाणी पुरलं असेल का.
गिळला तुकडा. कडू लागला नाही,
लागला असता तरी सांगितलं नसतं.

सोमवारी प्लास्टर कापणार आहेत.
मनगट लगेच वळायचं नाही, डॉक्टर म्हणतात.
कपाटात एकोणपन्नास पत्रिका आहेत,
मजकूर बदलायचा की नाही, ठरत नाही,
पप्पा तर बदलत नाहीत.
परतताना चौकात सहाणवाला दिसला.
कात्री पुढं केली,
ठिणग्या उडाल्या, मी मागे सरकले नाही.