छप्पन्न हजार चारशे बारा

तळघरात एकशे चाळीस वाघिणी,
आणि एकही गुरगुरत नाही.
इल्मा राउतिओ दिवा लावते,
आधी भट्टीकडे बघते, मग त्यांच्याकडे.
वर सुपीरियर गावात गुडघाभर बर्फ,
सरोवरावरचा वारा खिडकीच्या फटीतून
इंजिनासारखी शिटी मारू बघतो.
जमत नाही त्याला.

एकास सत्त्याऐंशी.
या मापात माणूस बोटाच्या पेराएवढा,
शिडीची पायरी म्हणजे केसाहून जरा जाड तार.
ब्रेकचं चाक, छतावरची फळी,
दाराची कडी, जी उघडत नाही
पण उघडेल असं वाटतं.
खोकं आलं तरी ती लगेच फोडत नाही.
भांडी घासते. हात कोरडे करते.
मग चष्म्यावर दुसरा चष्मा.
गंज मात्र ती स्वतः चढवते,
खडूची भुकटी, मऊ कुंचला, एक फुंकर.
नवी कोरी वाघीण तिला बघवत नाही.

गुरुवारी पुरुष येतात,
चर्चच्या हॉलमधले उरलेले डोनट घेऊन.
गॉर्डी स्कार्स्टाड खिशातून भिंग काढतो:
"रिव्हेट कमी दिलेत. सात."
सात रिव्हेटवरून अर्धा तास.
इल्मा कॉफी ओतते.
खऱ्या वाघिणींच्या कडेकडेने
तिने सव्वीस हिवाळे काढलेत.
रिव्हेट मोजायला तिथे कुणाला सवड होती?
नंबर तेवढे घ्यायचे.

रात्रपाळी. एकाहत्तरचा जानेवारी.
शून्याखाली एकतीस.
शाई गोठते म्हणून पेन्सिल,
पेन्सिल धरवावी म्हणून उजवा हात उघडा,
डाव्या हातात कंदील, काखेत वही.
डबा गेला, नंबर लिहिला.
डबा गेला, नंबर लिहिला.
बधिर अंगठ्याखाली कधीतरी
एकाने आणि चाराने जागा बदलली,
आणि छप्पन्न हजार एकशे बेचाळीसची
झाली छप्पन्न हजार चारशे बारा.

कागदावरची मिलवॉकीला निघाली.
वाटेत तिचं भाडं आकारलं गेलं,
कुणीतरी शिक्काही मारला.
खरी, पोटभर बार्ली घेऊन,
कोळशाच्या शेडमागे उभी राहिली.
मिलवॉकीहून फोन, फोनवर फोन,
यार्डभर शोधाशोध, सगळे शेडच्या अलीकडे.
एकोणिसाव्या दिवशी इल्मालाच दिसल्या
बर्फावर इतक्या चिमण्या एकाच जागी.
दाराच्या फळीतून दाणे गळत होते.
लेखी ताकीद मिळाली. घडी करून तिने ती
बुटात घातली, तळव्याखाली, उबेला.

यंदा कंपनीने तीच मालिका काढली,
तोच तांबूस रंग, चार वेगवेगळे नंबर.
तिने एकशे बेचाळीसवाली मागवली.
कापसाच्या बोळ्याने, स्पिरिटने,
दोन आकडे पुसले,
चिमट्याने अदलाबदल करून पुन्हा बसवले.
दाराखाली बार्ली हवी होती.
खसखस घेतली, तर या जगात ती लिंबाएवढी.
मग तीनदा चाळलेला लाकडाचा भुसा.
चिमण्या नाही जमल्या.

गॉर्डीने भिंग धरलं, खाली केलं, पुन्हा धरलं.
"मालिका तीनशे नव्व्याण्णवला संपते, इल्मा.
यादी आहे माझ्याकडे.
ही वाघीण कधी नव्हतीच."

"होती," ती म्हणाली. "एकोणीस दिवस."

आणि बटण फिरवलं.
मिलवॉकी अजून बांधलेलं नाही;
रूळ भट्टीमागे वळतात, परत इथेच येतात.
अकरा डबे गेले,
बारावी ती, भट्टीच्या आड.
गॉर्डीच्या हातात अर्धा डोनट.
दोघंही त्या बाजूला बघत राहिले,
जिथून ती बाहेर यायची होती.