कूलरमध्ये पाणी

मे महिना, सेमिनरी हिल्स.
फादर म्हणाले, शिबिराला मिशनरी म्हणून ये.
मी बायबल, गिटारच्या जादा तारा
आणि पुष्कळ उत्तरं भरून आणली.

काम मिळालं ते असं:
रात्री दोनला कूलरमध्ये पाणी ओतायचं.
वाळ्याच्या ओल्या वासात
त्रेचाळीस पोरं झोपलेली,
एक जागा. बल्लारपूरचा अँसेल्म.
"ताई, देवाले गरम नाही होत का?"

उत्तरं बॅगेत, बॅग माळ्यावर.
म्हटलं, बादली धर.

मग रोजच यायचा, अनवाणी,
फरशीत दुपार अजून शिल्लक असताना.
पेपरमिलच्या भोंग्याबद्दल बोलायचा,
बापाच्या दुसऱ्या बायकोबद्दल,
एकदा नुसताच कांद्याबद्दल:
खिशात असला का ऊन नाही लागत म्हणे.
मी हसले. तो नाही हसला.

शेवटच्या मिस्साला
विश्वासूंची प्रार्थना त्यानं वाचायची होती.
उभा राहिला. चिठ्ठीनं घाम पुसला.
बसला.
फादर थांबले जरा, मग म्हणाले, आमेन.

घरी गिटारची पिशवी झटकली
तर तळातून घरंगळत आला,
सालं सुटलेला, लहानसा.

बाहेर पंचेचाळीस.
कुर्त्याच्या खिशात टाकते
आणि निघते.